अप्पांचा कोयता

अप्पांचा कोयता माजघराच्या दारावर वाशात खोवलेला असायचा. मूठ बाभळीची, आणि घामानं हात सटकू नये म्हणून तिला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळलेली. ऊसतोड जवळ आली की अप्पा न्हाणीशेजारच्या दगडावर पाणी शिंपडून त्याला धार लावायचे. दगडावरून करड्या पाण्याचा ओघळ निघायचा, त्याला ओल्या लोखंडाचा वास यायचा. मधूनच ते पातं उन्हात धरायचे आणि अंगठा धारेवरून आडवा फिरवून बघायचे. मी समोर उकिडवी बसून सगळं बघायचे.

अप्पा तापट नव्हते. त्यांनी मला उभ्या आयुष्यात एक चापट मारली नाही. पण पंचक्रोशीत कुठल्या पोरीबाबत काही वाईट घडल्याचं पारावर कानावर आलं, की त्या रात्री जेवताना ते म्हणायचे, "माझ्या पोरीकडं कुणी वाकड्या नजरेनं बघितलं, तर उभा चिरीन त्याला. मग फासावर गेलो तरी चालंल." म्हणताना त्यांचा हात माझ्या डोक्यावर असायचा. त्यांच्या तोंडून ऐकलेल्या वाक्यांत इतक्या मायेचं दुसरं वाक्य मला आठवत नाही. आणि मी नऊ वर्षांची असताना माझ्याबाबतीत जे घडलं, ते मी त्यांना कधीच सांगितलं नाही, तेही त्याच वाक्यामुळे.

काय घडलं ते इथं लिहिणार नाही. माणूस आमच्या घरात ऊठबस असलेला, अप्पांच्या मांडीला मांडी लावून जेवणारा. मी त्याला काका म्हणायचे. साल १९८७. तीनदा घडलं, आणि पुढे तो नोकरीसाठी गाव सोडून गेला म्हणून थांबलं. कुणाला सांगायचं नाही, अशी धमकी त्यानं मला दिली नव्हती. त्याला गरजच पडली नाही. धमकी आमच्या घरात वाशात खोवलेली होती.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिच्या वडिलांनी बांधाच्या भांडणात चुलत्याच्या डोक्यात कुदळ घातली होती. चुलता जागीच गेला, वडील कोल्हापूरला कळंब्याच्या तुरुंगात. तिची आई दुसऱ्याच्या रानात भांगलायला जायची. वरचेवर उसवून वाढवलेला फ्रॉक घालून ती शाळेत यायची, आणि अधूनमधून एखाद्या सोमवारी यायचीच नाही. त्या दिवशी मायलेकी एसटीनं कळंब्याला गेलेल्या असायच्या. एकदा तिनं मला सांगितलं होतं, की तिथं वडील जाळीपलीकडे उभे राहतात आणि सगळेच एकदम बोलत असल्यामुळे कुणाचंच काही नीट ऐकू येत नाही. चौथीनंतर तिची शाळा सुटली. धाकट्या भावाला सांभाळायला घरी कुणी नव्हतं.

मी रात्री गोधडीत पडून हिशेब करायचे. मी सांगितलं, की अप्पा उठतील. वाशातून कोयता काढतील. आई आडवी जाईल, तिला ढकलतील. मग पोलीस. मग कळंबा. मग आई भांगलायला, आणि मी शाळेऐवजी दादाच्या मागं गुरांकडं. आणि हे सगळं का झालं, तर मी बोलले म्हणून. त्या हिशेबात तो माणूस कुठंच नव्हता, ही गोष्ट मला पुष्कळ वर्षांनी कळली. नऊ वर्षांच्या मुलीनं आपला बाप वाचवला, एवढंच तिला दिसत होतं.

अप्पा २०१५ साली गेले. पुढच्या दिवाळीला मी आईला सांगितलं. आम्ही दोघी करंज्या करत होतो. ती कातण फिरवत होती, मी सारण भरत होते. तिनं "कोण?" एवढंच विचारलं. मी नाव सांगितलं. तिनं हातातली करंजी कापून ताटात ठेवली आणि म्हणाली, "बरं केलंस, न्हाई सांगितलंस ते. त्येंनी जीव घेतला असता त्याचा. आपलं घर बसलं असतं." माझ्या पोटात खड्डा पडला. मी नऊ वर्षांची असताना केलेला हिशेब बरोबर होता, असं माझी आई मला सांगत होती.

रात्री ती माझ्या अंथरुणाशी येऊन बसली आणि काही न बोलता माझे तळपाय चोळत राहिली. लहानपणी ताप आला की चोळायची तसे. जवळजवळ तीस वर्षं उशीर झाला होता, तरी मला ते हवंच होतं. १९८७ सालीही मला तेच हवं होतं.

त्यानंतर मी अशा आईबापांविषयी वाचायला लागले. नुसत्या कुतूहलानं नव्हे. मला बघायचं होतं की कोयता खरंच उचलला तर पुढे काय होतं, आणि ज्याच्यासाठी उचलला त्या लेकराला काय वाटतं. बहुतेक ठिकाणी बापाविषयी पानंच्या पानं लिहिलेली असतात, लेकराविषयी एखादं वाक्य.

अमेरिकेत लुइझियाना राज्यात बॅटन रूज नावाचं शहर आहे. तिथल्या गॅरी प्लॉशेचा अकरा वर्षांचा मुलगा जोडी कराटे शिकायला जायचा. शिकवणारा माणूस घरोब्यातला झालेला. तो कित्येक महिने मुलावर अत्याचार करत होता, आणि १९८४च्या फेब्रुवारीत तो मुलाला पळवून थेट कॅलिफोर्नियाला घेऊन गेला. पोलिसांनी शोध लावला, मुलगा घरी परतला. १६ मार्चला आरोपीला विमानानं बॅटन रूजला आणलं. विमानतळावर टीव्हीचे कॅमेरे लागले होते. भिंतीशी सार्वजनिक फोनवर एक माणूस टोपी घालून, पाठमोरा बोलत उभा होता. बेड्या घातलेला आरोपी जवळून जाताना तो वळला आणि त्यानं त्याच्या डोक्यात गोळी घातली. तो गॅरी होता. ते चित्रीकरण अजूनही जगभर फिरतं, आणि त्याखाली लोक लिहितात, बाप असावा तर असा.

शिक्षा झाली ती सात वर्षांची, पण स्थगित. पाच वर्षं देखरेख, तीनशे तास समाजसेवा. शिक्षा म्हणून एक दिवसही तुरुंगात काढावा लागला नाही. तुरुंगात टाकून कुणाचंच भलं होणार नाही, असं न्यायाधीशांचं मत पडलं. आपण पुन्हा तसंच केलं असतं, असं गॅरी कित्येक वर्षांनंतरही सांगायचा.

आणि जोडी? तो मोठा झाला, स्वतःच्या नावानिशी बोलू लागला, त्यानं पुस्तक लिहिलं, आईबापांना भेटून तो सांगत राहिला. सुरुवातीला तो वडिलांवर रागावला होता. तो माणूस मरावा असं त्याला वाटत नव्हतं. जे चाललं होतं ते थांबावं, एवढंच हवं होतं. पुढे त्यानं वडिलांना समजून घेतलं, दोघांत प्रेम राहिलं. पण त्यानं सांगितलेल्या एका गोष्टीपाशी मी वाचता वाचता थांबले आणि फोन उलटा ठेवून दिला. माझ्या पोराला कुणी हात लावला तर मी त्याला ठार मारीन, असं त्याचे वडील आधीपासून म्हणायचे. ते नुसतं बोलणं नाही हे त्याला ठाऊक होतं. तो गप्प राहिला त्याच्या कारणांत हेही एक होतं. कुठलं लुइझियाना आणि कुठलं आमचं वाळवं. तोही असाच रात्री पडून हिशेब करत असणार.

जर्मनीतल्या ल्यूबेक शहरातल्या मारिआन बाखमायरची गोष्ट मी या रांगेत बसवू शकत नाही. १९८१ साली भर न्यायालयात तिनं आपल्या सात वर्षांच्या अ‍ॅनाच्या मारेकऱ्यावर पिस्तूल झाडलं. तिला सहा वर्षांची शिक्षा झाली, तीनेक वर्षांनी ती सुटली. तिचं लेकरू गेलेलं होतं. घरी कुणी तिची वाट बघत नव्हतं, तिच्या तुरुंगात जाण्याचा हिशेब करणारं कुणी उरलं नव्हतं. तिच्याबद्दल चांगलं-वाईट बोलायला माझी जीभ रेटत नाही.

माझा मावसभाऊ वकील आहे. त्याला मी एकदा सरळ विचारलं, समजा अप्पांनी कोयता उचललाच असता, तर कायदा काय म्हणाला असता? तो म्हणाला, "ताई, केव्हा उचलला त्यावर आहे सगळं."

अप्पा त्या दुपारी अवचित घरी आले असते आणि तो माणूस त्यांच्या नजरेस पडला असता, तर कायदा त्यांच्या बाजूनं उभा राहिला असता. आपल्या शरीराचं रक्षण करण्याचा जसा हक्क आहे, तसा दुसऱ्या कुणाच्याही शरीराचं रक्षण करण्याचा आहे. तेव्हा तो भारतीय दंड संहितेच्या ९६ ते १०६ या कलमांत होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ कलमांत आहे. जीव जाण्याची किंवा जबर दुखापतीची धास्ती, बलात्कार, अपहरण, अ‍ॅसिड फेकणं, अशा काही प्रसंगी हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही. त्या घटकेला आई किंवा बाप किती जोरात मारतो, हे सोनाराच्या काट्यावर तोलून बघता येत नाही, असं आपली न्यायालयं वरचेवर सांगत आली आहेत. कायद्याला भेकड आईबाप नको आहेत. हे ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

पण हा हक्क धोका आहे तोवरच जिवंत असतो. धोका टळला, की तो संपला. पोलिसांकडे जायला वेळ होता तर हक्क नाही. आणि मी रात्री सांगितलं असतं, अप्पा उठून पलीकडच्या आळीत गेले असते, त्याला झोपेतून उठवून मारला असता, तर तो खून. "आणि संताप?" मी विचारलं. त्याला सूट आहे, पण संताप गंभीर असावा लागतो आणि अचानकही असावा लागतो. नानावटी खटला मराठी माणसाला सांगायला नको. १९५९ साली नौदलातल्या त्या अधिकाऱ्यानं बायकोच्या तोंडून तिच्या दुसऱ्या पुरुषाशी असलेल्या संबंधांविषयी ऐकलं, मग बायकामुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतलं, आणि मग त्या पुरुषावर गोळ्या झाडल्या. ज्यूरीतल्या नवांपैकी आठ जणांनी त्याला निर्दोष म्हटलं, पण उच्च न्यायालयानं ते न मानता जन्मठेप दिली, आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. मधे गेलेले सुमारे तीन तास डोकं थंड व्हायला पुरेसे होते, असं न्यायालय म्हणालं. मावसभाऊ म्हणाला, "अप्पांनी जाण्याआधी कोयत्याला धार लावली असती ना, तर तेवढंच सरकारी वकिलाला पुरलं असतं."

मला तो दगड आठवला, ते करडं पाणी आठवलं.

कायदा इतका सरळ आहे, मग सगळं सोपं का वाटत नाही? कारण नागपूरचं कस्तुरबानगर आहे. अक्कू यादव नावाचा गुंड तिथल्या बायकामुलींवर वर्षानुवर्षं अत्याचार करत होता, बायका तक्रारी करत होत्या आणि तो सुटून येत होता. १३ ऑगस्ट २००४ रोजी वस्तीतल्या बायकांच्या जमावानं त्याला न्यायालयाच्या आवारातच संपवलं. खटला दहा वर्षं चालला आणि २०१४ साली सगळे आरोपी पुराव्याअभावी सुटले. त्या बायकांत कितीतरी आया होत्या. त्यांना पोलिसांत जायला वेळ होता, असं कुणी म्हणेल. त्या गेल्याच होत्या, पुन्हा पुन्हा. त्यांना चूक म्हणायला माझं मन धजत नाही, आणि बरोबर म्हणायलाही नाही.

बरोबर न म्हणण्याचं कारण राईनपाडा. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात, १ जुलै २०१८ला, रविवारच्या आठवडी बाजारात. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा तेव्हा मोबाइलवरून गावोगाव फिरत होत्या. भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांपैकी एकानं एका लहान मुलीशी बोलण्याचा प्रयत्न केला, एवढं निमित्त झालं. जमावानं पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, मंगळवेढ्याकडचे. ही माणसं आमच्या दारात यायची. डौर वाजवत, भैरोबाचं नाव घेत. आई सुपातून जोंधळे घालायची आणि मला पुढं करायची, म्हणायची, डोक्यावर हात ठेवा माझ्या पोरीच्या. ते ठेवायचे.

राईनपाड्यातल्या जमावाला, निदान त्यातल्या पुष्कळांना, आपण लेकरांना वाचवतोय असंच वाटत असणार. अप्पांचं वाक्य आणि त्यांचं वाक्य अक्षराक्षरानं एकच आहे. मला हे लिहिताना त्रास होतो, कारण अप्पा तसे नव्हते. पण अप्पांनी ज्याला गाठलं असतं तो खरा गुन्हेगार होता, हे मला ठाऊक आहे. इतरांना कुठून असतं? कोयत्यापुढं साक्षपुरावा होत नाही.

आणि पोरींना परकी माणसं पळवतात, भिकारी पळवतात, हे आपण त्यांना शिकवत राहिलो. माझा काका घरी पंगतीला बसत होता.

२०२४च्या ऑगस्टमध्ये बदलापूरची बातमी आली. शाळेतल्या दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार. तक्रार नोंदवून घ्यायला आईबापांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावं लागलं, आणि २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले. लोकल कित्येक तास बंद पडल्या. आम्ही पुण्यात जेवणाच्या टेबलावर बातम्या बघत होतो. "फाशी द्या" अशा घोषणा चालल्या होत्या, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्या पोरीला कुणी हात लावला असता ना, तर मी रेल्वे नसती अडवली. त्याला तिथंच संपवला असता."

मुलगी तेव्हा बारा वर्षांची. ती आमटीत पोळी कुस्करत होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "मग तुला जेल होईल ना?"

अप्पांचं वाक्य माझ्या घरात, माझ्या आवाजात.

महिनाभरानं, २३ सप्टेंबरला, बदलापूरचा आरोपी पोलिसांच्या ताब्यात असताना पोलिसांच्याच गोळीनं मेला. फटाके वाजले, पेढे वाटले गेले. जानेवारीत न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीचा अहवाल उच्च न्यायालयापुढं आला, त्यात पाच पोलिसांवर ठपका होता. ज्यांना पेढे गोड लागले त्यांचा मला राग येत नाही. त्या दिवशी माझ्याही मनात काहीतरी निवल्यासारखं झालं होतं. पण त्या दोन मुली मोठ्या होतील. आपण बोललो त्याचं पुढं काय झालं, हे त्या विचारतील. तुम्ही सांगितलंत ते न्यायालयानं ऐकलं, तपासलं आणि खरं मानलं, असं त्या माणसाबाबत त्यांना आता कुणी सांगू शकणार नाही.

मला ते कुणीतरी सांगायला हवं होतं. तू म्हणतेस ते खरं आहे, एवढंच. १४ नोव्हेंबर २०१२ पासून पॉक्सो कायदा आहे, लहान मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, तोही गणवेश न घालता. साक्षीच्या वेळी आरोपी त्याच्या नजरेसमोर येता कामा नये. खटला होता होईल तो वर्षात संपवायचा. पुष्कळ खटले वर्षात संपत नाहीत, बदलापुरात तर तक्रारीच्या दारातच अडलं होतं, हे मी विसरलेले नाही. तरीसुद्धा ती कलमं वाचताना मला भरून आलं. साध्या कपड्यातली कुणी बाई आमच्या सोप्यावर बसली आहे, आई बाजूला आहे, अप्पा उंबऱ्यात बसून आहेत, उठत नाहीत, कुठं जात नाहीत, आणि मी सांगते आहे. नऊ वर्षांच्या मला हे चित्र कुणी दाखवलं असतं, तर मी बोलले असते.

अप्पा मला लहानपणी हिरकणीची गोष्ट सांगायचे. गडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हं भुकेलेलं, म्हणून ती काळोखात कडा उतरून गेली. हातापायांची सालं निघाली, झुडपांनी अंग फाटलं. अप्पांना ती गोष्ट फार आवडायची. तिनं पहारेकऱ्यांचं काय केलं, असं मी एकदा विचारलं होतं. "काय न्हाई," अप्पा म्हणाले होते, "तिला घरी जायचं हुतं." ते हे सांगत होते तेव्हा कोयता वर वाशातच होता. मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी जोडून बघितलं नाही.

बदलापूरच्या त्या रात्री मी मुलीच्या खोलीत गेले आणि म्हणाले, मघाशी बोलले ते मी करणार नाही. कुणी काही केलं, तर मी आधी तुझ्यापाशी बसेन. मग आपण मिळून पोलिसांत जाऊ, आणि तिथंही मी तुझ्याच शेजारी असेन. मी कुठंही जाणार नाही. तिनं "बरं" म्हटलं आणि कूस बदलली. तिला पटलं की नाही, मला कळलं नाही. आमच्या घरात त्यानंतर मी ते वाक्य उच्चारलेलं नाही. नवऱ्यालाही उच्चारू दिलेलं नाही. तो आधी चिडला, मग मी त्याला कळंब्याला जाणाऱ्या त्या मुलीची गोष्ट सांगितली.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरात कुकर लावून कणीक मळत होते. मुलगी दारात येऊन उभी राहिली. पायाच्या अंगठ्यानं फरशीवर रेघ ओढत म्हणाली, "आई, एक सांगू? पण तू काही करायचं नाहीस हं लगेच."

मी हात धुतले नाहीत. परात बाजूला सारली आणि तिथंच फरशीवर बसले. तीही बसली, माझ्या गुडघ्याला गुडघा लावून. तिचं स्वतःचं नव्हतं, मैत्रिणीचं होतं. त्याहून जास्त सांगायचा मला अधिकार नाही. पुढं त्या मैत्रिणीच्या आईकडं आम्ही दोघी गेलो, आणि तिच्याबरोबर पोलीस ठाण्यातही. पण त्या संध्याकाळी ती नुसतं सांगत होती. सांगून व्हायला पाऊण तास लागला. मधे ती दोनदा थांबली, माझ्या तोंडाकडं बघून पुन्हा बोलायला लागली. बोटांवरची कणीक वाळून तडकली. कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या, डाळ लागल्याचा वास घरभर झाला, आणि मी उठले नाही.